मोटाभाईंसाठी घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या भजनी मंडळात कोण कुठे बसणार हे गळ्यावरून ठरत नाही, कोणाला किती वेळा उठावं लागतं त्यावरून ठरतं. चेष्टा नाही, खरंच सांगते. दर शनिवारी संध्याकाळी मुलुंड पूर्वेला आमच्या तळमजल्यावरच्या घरात मंडळ बसतं. सगळे मालवणकडचे गाववाले, बरेचसे गिरणी कामगारांचे मुलगे, आता साठीच्या आसपासचे. ज्याला वारंवार बाथरूमला जावं लागतं तो पॅसेजच्या तोंडाशी. ज्याचं जरा थांबतं तो भिंतीला. पखवाजवाले पॅसेजशी सरकले तेव्हा पखवाजही तिकडे गेला आणि सगळा आवाज एका कानात यायला लागला, पण कोणी हूं की चूं केलं नाही. नवा कोणी तिकडे सरकला की बाकीचे त्याला म्हणत, "काय रे मेल्या, बढती गावली वाटता!" आणि सगळे खो खो हसत. डॉक्टर? छे हो. वय झालं, असं म्हटलं की विषय संपला.

माझा नवरा मंडळाचा बुवा. पेटी घेऊन मधोमध बसायचा मान त्याचा, आणि मधोमध बसलेल्याला उठता येत नाही. बाकीच्यांना ओलांडून, टाळांवर पाय न देता जायचं म्हणजे तारेवरची कसरत. मग ह्यांनी काय करावं? शनिवारचा निर्जळी उपास धरला. दुपारपासून पाण्याचा थेंब नाही, चहा नाही. मी पुण्यवान बाई, मला वाटलं मारुतीवरची भक्ती वाढली. शेजारणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा. भक्ती कसली डोंबलाची! बुवा उठला तर मान जाईल म्हणून माणूस तहानलेला गात होता. बरं, मी कोण? भांडुपच्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जन्म घालवलेली बाई. म्हाताऱ्या पुरुषांच्या लघवीच्या गोळ्यांची पाकिटं मी ह्या हातांनी भरलीत. पण ते पाकीट आपल्या घरात लागेल, हे डोक्यात आलं तर शपथ.

त्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर मोटाभाई राहायला आले.

मोटाभाई आफ्रिकेतल्या मोंबासाचे, तिथलेच. तिकडे एका गुजराती शेठच्या कापडाच्या दुकानात त्यांनी उभं आयुष्य काढलं, शेवटी शेवटी तर दुकान तेच चालवायचे, मोटाभाई हे नावही तिथलंच. त्या शेठच्या मुंबईतल्या नातेवाइकांचा आमच्या बिल्डिंगमध्ये रिकामा फ्लॅट होता. मोटाभाईंचं इथे ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून शेठनं त्यांना आणि त्यांच्या बायकोला तो उघडून दिला. उंच, काळेभोर, डोकीवर पांढरे बारीक केस, आणि तोंडात अशी अस्सल गुजराती की मुलुंडच्या निम्म्या गुजरात्यांनी लाजावं.

ते यायच्या आधीच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी दिवे लावले होते, "आफ्रिकन लोक येत आहेत, सर्वांनी दारे नीट बंद ठेवावीत." माझं डोकं फिरलं. मी खाली लिहिलं, "माझं दार शनिवारी उघडंच असतं. ज्याला भीती वाटते त्यानं भजनाला येऊन बसावं, देव राखतो." त्यावर सेक्रेटरीनं हात जोडलेलं चित्र टाकलं.

पहिल्याच शनिवारी आमचं दार खरोखर उघडं होतं आणि मोटाभाई पेटीच्या आवाजावर खाली आले. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे. "आवुं?" असं विचारलं. मंडळ बघतच राहिलं. आमचे हे म्हणाले, "आवो ने, बेसो!" एवढीच ह्यांची गुजराती, पण तेवढ्यानं काम झालं. मोटाभाई मांडी घालून बसले, आणि दुसऱ्याच अभंगाला त्यांनी मागून असा खर्जातला सूर लावला की ह्यांनी पेटीवरून मान वर केली. चर्चमध्ये लहानपणापासून गायचे म्हणे. शब्द कळत नव्हते, पण कुठे उचलायचं आणि कुठे सोडायचं हे त्यांना आमच्या निम्म्या टाळकऱ्यांपेक्षा बरं कळत होतं. झकास माणूस! त्या दिवसापासून ते आमचे झाले.

त्यांच्या बायकोला मी बेन म्हणायची. बेनची गुजराती यथातथाच होती, आमचं बोलणं हातवाऱ्यांवर चालायचं. एकदा ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि कोपऱ्यातला आडाळो बघून एकदम ओरडलीच. आडाळो म्हणजे आमची नारळ खवायची विळी, पाटावर बसून पुढच्या दात्यांवर नारळ फिरवायचा. तिनं मला बाजूला सारलं, साडीवाल्या बाईसारखी झगा आवरून पाटावर बसली आणि बघता बघता नारळाची वाटी पांढरीशुभ्र करून दिली. त्यांच्याकडेही अगदी तस्संच असतं, आणि त्याला ते बकरी म्हणतात! मला इतकं हसू आलं, पाण्याचा तांब्या लवंडला. त्या दिवशी मी सुरमईची कढी केली आणि वर तिनं नारळाच्या दुधातला भात केला. आम्ही चौघं जेवलो, आणि आमचे हे ताट चाटूनपुसून म्हणाले, "हो मोंबासा म्हंजे वेंगुर्ल्याच्या जरासा पलीकडेच आसतला."

मग तो शनिवार आला.

भजन संपलं होतं, चहा फिरत होता. पॅसेजकडची माणसं आळीपाळीनं उठत होती, बसत होती. मोटाभाईंनी विचारलं, हे काय, ह्या बाजूला इतकी ये-जा का? तर आमच्या ह्यांनी मोडक्या हिंदीत, मोठ्या अभिमानानं बसायची पद्धत समजावून सांगितली. बढतीची गोष्टही सांगितली. मोटाभाई मांडीवर थाप मारून मारून हसले. आणि हसता हसताच म्हणाले (गुजरातीत म्हणाले, मी आपलं मराठीत सांगते), "मला तर एकदाही उठावं लागत नव्हतं. झोप अशी की छपरावर नारळ पडला तरी कळू नये. आणि कॅन्सर मलाच निघाला."



मोटाभाईंनी मागेपुढे न बघता सांगून टाकलं. प्रोस्टेटचा कॅन्सर. ती गाठ प्रत्येक पुरुषाला असते, मूत्राशयाच्या खाली, सुपारीएवढी म्हणा. वयाबरोबर ती बहुतेकांची वाढते आणि माणूस पॅसेजशी जाऊन बसतो, ते वेगळं. त्रासाचं, पण साधं. गोळ्या मिळतात. कॅन्सर मात्र सुरुवातीला आवाजच करत नाही. त्यांची मुलगी तिकडे नर्स आहे. तिनं बापाला बसवून सांगितलं, पप्पा, आपल्या काळ्या माणसांत हा रोग जास्त निघतो आणि लवकर निघतो. त्यातून तुमचे वडील गेले तसे गेले, मोठे काका गेले तसे गेले, तुम्ही रक्त तपासायचं म्हणजे तपासायचंच. मोटाभाईंनी टाळाटाळ केली. तेव्हा पोरगी त्यांना भर चर्चसमोरून रिक्षात घालून घेऊन गेली. रोग लहान असतानाच सापडला, म्हणून आज ते इथे बसून आमच्याबरोबर चहा पीत होते.

मंडळातले सगळे पुरुष पंख्याकडे बघत होते. पंखा काही नवा नव्हता.

"तुमचे वडील कशानं गेले, बुवा?" मोटाभाईंनी सहज विचारलं.

"कंबरेन," हे म्हणाले. "कंबर धरली ती धरलीच. शेवटाक उठाक येय नाय. थोरलो चुलतोय तसोच गेलो."

मी ते हिंदीत सांगितलं तसा मोटाभाईंनी कप खाली ठेवला. "माझा बापही कंबरेनं गेला," ते म्हणाले. "आम्ही वर्षानुवर्षं सगळ्यांना तेच सांगायचो. शेतात वाकून वाकून कंबर गेली. पोरगी नर्स झाली तेव्हा तिनं जुने कागद मागवून वाचले. कंबर नव्हती. तो रोग हाडांत गेला होता."

मी लग्न होऊन गेले तेव्हा सासरे माजघरात पडून असायचे, मी त्यांच्या कंबरेला तेल चोळलंय. किती शिव्या घातल्या असतील मी त्या मेल्या कंबरेला! वैद्यांनी पाला बांधला, देवाला कौल लावून देवस्कीही झाली. आता कोण सांगणार नक्की काय होतं ते. पण माझ्या डोक्यात एकच बसलं: बाप गेला, चुलता गेला, आणि हा माणूस पेटीवर हात ठेवून पंख्याकडे बघतोय.

त्या आठवड्यात आमच्या घरात महाभारत झालं.

"नुसतं रक्त द्यायचंय," मी म्हटलं.

"माका काय होना नाय."

"मोटाभाईंनाही काही होत नव्हतं."

"त्येंचा वेगळा. तेनी सांगल्यान मा, त्येंच्यात जास्त आसता म्हणान."

"आणि ज्याच्या बापाला, चुलत्याला झालं त्याच्यातही जास्त असतं म्हणाले, ते बरं नाही ऐकू आलं! एका कानात पखवाज होता काय?"

शेवटी खरं कारण बाहेर आलं. कोणीतरी कट्ट्यावर सांगितलं होतं की ही तपासणी मागच्या बाजूनं बोट घालून करतात. एवढा दांडगा माणूस, पण लाजेनं लालेलाल झाला. मी म्हटलं, "अहो, रक्त हातातून काढतात! पुढचं पुढे, डॉक्टर सांगेल तर. आणि घातलं बोट तर घातलं, मी दोन बाळंतपणं काढली, मला किती जणांनी विचारलं लाज वाटते का म्हणून?" त्यावर हे उठले ते अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालत बसले. तुळस बिचारी आधीच बुडालेली.

मी भांडते, ओरडते, पण त्या दिवसांत मला खरंच भीती वाटत होती. पोळी लाटताना मध्येच हात थांबायचा. ह्यांच्या पाठीकडे बघत राहायची. उठताना कंबरेला हात लावला की माझा जीव वरखाली. आणि हा माणूस विषय काढला की पेटी उघडून बसायचा. वाट लागली होती माझी.

मग मी आबांकडे गेले.

आबा म्हणजे नात्यानं माझे चुलत सासरे, मंडळातले सगळ्यात वयस्कर, आणि आमच्या गावचे गाऱ्हाणं घालणारे. आमच्याकडे कुठलंही कार्य असलं, कोणावर संकट आलं की देवासमोर नारळ ठेवतात आणि वडीलधारा माणूस उभ्यानं देवाला मोठ्यांदा सगळं सांगतो. कोणाचं काय अडलंय, कोणाला काय हवंय, कोण काय कबूल करतोय. प्रत्येक वाक्यावर जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" त्यात एकदा व्हय म्हटलं की तो देवाला दिलेला शब्द. तो मोडायची छाती आमच्या गावात अजून कोणाची झालेली नाही. चार पावलं मुंबईत टाकली म्हणून काय झालं!

येत्या शनिवारी मोटाभाईंच्या ऑपरेशनसाठी गाऱ्हाणं घालायचं ठरलेलंच होतं. मी आबांच्या पुढ्यात आंबोळ्या ठेवल्या आणि पोटातलं सगळं ओकले. आबा शांतपणे ऐकत होते. आंबोळी संपवली, हात पुसले.

"गाऱ्हाण्यात खोटा सांगूक गावना नाय," ते म्हणाले.

"खोटं कुठे सांगायचंय?"

"तांच म्हणतंय. खरा सांगूक कोण आडयता?" आणि डोळा मारला. ऐंशीच्या घरातल्या माणसानं सुनेला डोळा मारला, मी अशी गोड हसले, काय सांगू.

शनिवारी घर गच्च भरलं. मोटाभाई पांढरा सदरा घालून आले, बेन माझी साडी नेसून आली, तीही मीच नेसवलेली. देवापुढे नारळ, विडा मांडला. आबा उभे राहिले, बाकीचे हात जोडून मागे. आमचे हे बुवा म्हणून सगळ्यात पुढे. गाऱ्हाण्यात "व्हय म्हाराजा" सगळ्यात मोठ्यांदा म्हणायचं तेही ह्यांचंच काम. गळा तयार, डोळे मिटलेले. आणि खरी गोम इथेच आहे. जन्मभर व्हय म्हाराजा म्हणणारा माणूस वाक्य ऐकत नाही. वाक्य संपल्याचा सूर ऐकतो.

"बा देवा म्हाराजा!" आबांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरा तुज्या पायाशी जमली हत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"समिंदरापलीकडसून हो पावणो तुज्या दारात इलो हा, त्येचा ऑपरेशन आसा. डॉक्टराच्या हाताक यश दी, आनि त्येका हसत खेळत त्येच्या घराक पोचय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्याला तर मोटाभाईंचाही खर्ज लागला. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या चर्चमध्येही असंच म्हणतात म्हणे, एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं.

"आनि हो तुजो बुवा! ज्या दुखण्यान ह्येचो बापूस गेलो, त्या दुखण्याचा रगात हो येत्या सोमवारी तपासून घेतलो, आनि ह्येच्या वांगडा मंडळातलो येकूण येक पुरुष रगात देतलो, असो तुका शब्द दितत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

छप्पर उडेल असा आवाज. आणि त्या सगळ्यात वरचा सूर कोणाचा? माझ्या नवऱ्याचा. मी तोंडात पदर कोंबला.

मग ह्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मागे पखवाजवाले पुटपुटले, "काय म्हटल्यान?" टाळकरी एकमेकांकडे बघायला लागले. आबांनी शांतपणे नारळ फोडला, तो अगदी मधोमध फुटला.

"आबानू, हो दगो हा!" हे ओरडले.

"माका कित्या सांगतंस?" आबा म्हणाले, आणि देवाच्या तसबिरीकडे बोट केलं. "त्येका सांग. व्हय कोण म्हटल्यान, मी?"

मोटाभाईंना काय झालं ते कळेना. मी त्यांना माझ्या मोडक्या गुजराती-हिंदीत समजावलं. ते आधी गंभीरपणे ऐकत होते, मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग ते खालीच बसले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. बेनला त्यांच्या भाषेत सांगितलं, तीही हसायला लागली, तिच्यामुळे मी, माझ्यामुळे बाकीच्या बायका. पुरुष तेवढे सुतकात. शेवटी पखवाजवाल्यांना हसू फुटलं आणि ह्यांनाही राहवेना. "शिरा पडो तुमच्या तोंडार सगळ्यांच्या," म्हणत माझा नवरा हसत होता, आणि हसता हसता माझ्याकडे असं बघत होता की मला कळलं, हा माणूस सुटलाय. आता त्याला घाबरायचं नव्हतं, नुसतं जायचं होतं.

सोमवारी सकाळी मंडळ स्टेशनजवळच्या लॅबमध्ये धडकलं. सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घातलेले, काहींनी टोप्या. सुई टोचणाऱ्या मुलीला वाटलं कोणी पुढारी येतोय. ह्यांच्या हाताला रबर बांधलं तसं ह्यांनी डोळे मिटले आणि गुणगुणायला लागले, बाहेरच्यांनी लगेच धरलं. सगळी लॅब भजनात. ती मुलगी म्हणाली, "काका, मूठ सोडा, झालं कधीच." नंतर सगळे मिळून उसळपाव खायला गेले. त्या दिवशी हे तीन ग्लास पाणी प्यायले आणि उठून गेलेही, सगळ्यांदेखत, मान वर करून.

बाकीच्यांचं ठीक निघालं. काहींना गोळ्या सुरू झाल्या, आणि पॅसेजकडची गर्दी इतकी कमी झाली की पखवाज पुन्हा मध्ये आला. ह्यांचा रक्तातला आकडा मात्र जास्त आला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही, गाठ नुसती सुजली तरी वाढतो. काही आठवड्यांनी पुन्हा बघू. पुन्हा बघितलं, तेवढाच. मग त्या भोंग्यासारख्या आवाजाच्या मशीनमध्ये झोपवून फोटो काढले, मग सुईनं बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले. ज्या बोटाला एवढे घाबरत होते ते बोटही झालं. बाहेर येऊन म्हणाले, "ह्या तर काय्येक नाय. कट्ट्यावरचे मेले उगाच बोंबलतत."

मधल्या काळात मोटाभाईंचं ऑपरेशन छान पार पडलं. लघवीची पिशवी लावून त्यांना घरी पाठवलं होतं. ती पिशवी ते बेननं दिलेल्या कापडी झोळीत घालून, काठी टेकत लिफ्टनं खाली यायचे आणि ह्यांच्याशेजारी बसायचे. "बाजार करून आलो," झोळी दाखवून म्हणायचे. तुकड्यांचा रिपोर्ट यायचा होता, ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं, पेटीला हात नव्हता. मोटाभाई उपदेश वगैरे करत नसत. आपल्या धाकट्या भावांना, मुलांना, पुतण्यांना फोन लावायचे. तिकडे कोण चाळिशीचा, कोण पंचेचाळिशीचा. "रक्त दिलंस का?" एवढंच. कोणी टाळाटाळ केली तर त्यांचा आवाज असा चढायचा की भाषा न कळताही आम्हाला शिव्या कळायच्या. हे बाजूला बसून ऐकायचे.

जायच्या दिवशी मोटाभाईंनी ह्यांना मिठी मारली ती सोडेचनात. हे म्हणाले, "आवजो, मोटाभाई, परत येवा." त्यांच्या टॅक्सीमागे आमचं सगळं मंडळ गेटपर्यंत गेलं. व्हॉट्सॲपवर दारं लावा म्हणणारासुद्धा आला होता, बेनसाठी चिक्कीचं पाकीट घेऊन. मी त्याच्याकडे बघितलं मात्र नीट.

त्याच आठवड्यात आम्ही रिपोर्ट ऐकायला गेलो. मी ह्यांचा हात धरला होता. लग्नातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता.

"कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मला पुढचं ऐकूच येईना. त्यांनी माझ्याकडे बघून पुन्हा सांगितलं. आहे, पण अगदी लहान आहे, गाठीच्या आतच आहे, आणि सावकाश वाढणाऱ्या जातीचा आहे. आत्ता कापायची गरज नाही. ठरलेल्या वेळी रक्त, ठरलेल्या वेळी तपासणी, आम्ही नजर ठेवू. हलला तर उपाय आहेत. "तुम्ही वेळेवर आलात, काका. पेटी वाजवा, खा, प्या, फिरा." मग त्यांनी विचारलं, "वडिलांचं तुम्ही सांगितलंत. घरात आणखी पुरुष कोण?"

"धाकलो भाव हा. गावाक आसता," हे म्हणाले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो. मी बाकावर बसले. देवा, वाचवलंस रे, वाचवलंस, असं मनात चाललं होतं. आनंद तरी किती व्हावा माणसाला! कॅन्सर आहे असं ऐकून पेढे वाटावेसे वाटणारी बाई मीच पहिली असेन. हे काही बसले नाहीत. खिशातून फोन काढला, नंबर लावला. गावात रेंज कमी, त्यामुळे हे आधीच ओरडून बोलतात, त्या दिवशी तर भजनाचा गळा काढला.

"अरे, मी बोलतंय, दादा! आयक. माका कॅन्सर हा!"

सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला. ज्या माणसाच्या तोंडून तो शब्द कधी फुटला नव्हता, जो त्या शब्दाला नुसतं "तां" म्हणायचा, तो भर हॉस्पिटलात तो शब्द ओरडत होता. नर्सनं तोंडावर बोट ठेवलं. ह्यांनी तिला हात जोडले आणि तितक्याच मोठ्यांदा पुढे बोलले.

"नाय रे, मरना नाय मी! बारको हा, येळेत गावलो. तुजा काय? तू उद्या कणकवलीक जा आनि रगात दी... काय होना नाय म्हंजे? माका खय काय होय होता! आयक मेल्या. बापूस कंबरेन नाय गेलो रे. कंबरेन नाय. बापाशीक म्हायत नव्हता, म्हणान तेणी आमका सांगूक नाय. माका म्हायत हा, आनि मी तुका सांगतंय!"

ह्यांनी तोंड वळवून फोन माझ्या हातात कोंबला. "तू सांग गो त्येका. तुजा आयकता तो."

मी फोन कानाला लावला. तिकडे दिरांचा श्वास ऐकू येत होता.

"वयनी," ते हळूच म्हणाले, "दादा रडता काय?"

मी बघितलं. माझा नवरा खिडकीशी पाठ करून उभा होता, खांदे हलत होते.

"रडतायत," मी म्हटलं. "पण बरे आहेत, भावजी. तुम्ही उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं जा."